‘ड्यूड’वर अकरा पानं

नव्या कोटातला फोटो नरहरशास्त्र्यांनी लेकीला बेंगळुरूला पाठवला आणि सईचं एकाच शब्दाचं उत्तर आलं, ‘ड्यूड.’ कोट तिनं बघावा म्हणूनच शिवला होता, हे त्यांनी शिंप्याला सांगितलं नव्हतं आणि इंदूताईंनाही नाही.

“अहो, हे चांगलं की वाईट?” इंदूताईंनी विचारलं.

“धातू कळल्याशिवाय कसं सांगू?”

छत्तीस वर्षं बनारसात संस्कृत व्याकरण शिकवलेला माणूस. दारात आलेल्या शब्दाला गाव आणि गोत्र विचारल्याशिवाय तो त्याला आत घेत नसे. त्यांनी लेकीलाच लिहिलं, ‘अर्थ कळवावा.’

आणि बुधवारी भर दुपारी सईचा फोन आला. एरवी फोन रविवारचा, चार मिनिटांचा. त्यातली साडेतीन इंदूताईंची. उरलेल्या अर्ध्यात शास्त्रीबुवांनी ‘तब्येत ठीक, घाटावर धुकं’ एवढं सांगायचं आणि फोन परत द्यायचा. त्या दिवशी वीस मिनिटं.

“बाबा, ड्यूड म्हणजे यार. पण हर बार यार नाही. कधी कौतुक, कधी वैताग. कसं म्हणतो त्यावर आहे.”

“मग माझ्या कोटाला काय?”

“कोटाला कौतुक.”

फोन ठेवल्यावर शास्त्रीबुवा मुन्शी घाटाच्या पायऱ्या कोट घालूनच उतरले. ऊन चांगलं तापलं होतं.

गुरुवारी त्यांनी दुसरी शंका पाठवली, बाईमाणसाला ड्यूड म्हणता येतं का. पंचवीस मिनिटं. शनिवारी तिसरी, वडिलांना म्हणणं शिष्टसंमत आहे का. चाळीस मिनिटं, आणि त्यात शब्द बाजूलाच राहिला. सईचं ऑफिसातलं भांडण झालं, रोज एकटीनं खायच्या खिचडीचं झालं, थंडीतल्या मलइयोची, त्या केशरी दुधाच्या फेसाची, आठवण झाली. शास्त्रीबुवा नुसतं “हं” म्हणत होते. इतका सुंदर “हं” त्यांनी कुठल्याच विद्यार्थ्याला दिला नव्हता.

इथे थांबायला हवं होतं. पण अर्धवट शंका अंगावर ठेवून झोपायची त्या घराण्यात पद्धत नव्हती. ते देवव्रतकडे गेले. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता कॉलेजात इंग्रजी शिकवतो.

“गुरुजी, मुळाचा पक्का ठिकाना नाही,” देवव्रत जाडजूड कोश उघडून म्हणाला. “बहुतेक ‘डूडल’पासून. अमेरिकेत, दीडशे-एक वर्षांमागे. फार नटणाऱ्या पुरुषाला चिढवायला म्हणायचे. मग खेड्यात सुट्टीला आलेल्या शहरी बाबूला. मग दोस्ताला. अब तो किसी को भी.”

“म्हणजे मुळात नव्या कोटवाल्याची टिंगल?”

“जी.”

शास्त्रीबुवांनी कोटाची बाही झटकली आणि कोश घरी मागून नेला. पंधरा दिवसांत ‘ड्यूड’वर अकरा पानं झाली. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धान्त. शेवटी लाल शाईत ‘इति शंकानिरसन’. सगळ्या पानांचे फोटो त्यांनी सईला पाठवले.

‘वा बाबा,’ तिचं उत्तर आलं. ‘आता विचारायचं काही राहिलंच नाही.’

खरंच राहिलं नव्हतं. फोन पुन्हा रविवारवर गेला. तब्येत ठीक, घाटावर धुकं.

“दुसरा शब्द काढा की,” इंदूताई म्हणाल्या.

“कोश अख्खा वाचून झालाय.”

“मग खोटं विचारा.”

“माहीत असलेलं विचारणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलंय गं.”

एवढ्यात देवव्रतनं गुरुभक्तीच्या भरात माघी गणपतीच्या व्याख्यानाचं पोस्टर काढलं. ‘ड्यूड: व्युत्पत्ती आणि विचार. वक्ते, विषयाचे गाढे अभ्यासक.’ वर कोटातला फोटो. शास्त्रीबुवा धापा टाकत त्याच्या घरी पोचले.

“ते ‘गाढे अभ्यासक’ काढ. ‘अनभिज्ञ’ लिही.”

“गुरुजी, पचास छप गये. ग्रुपवर पण टाकलंय. सईनं सगळ्यात आधी पाहिलं.”

मंगळवार होता. संध्याकाळी फोन वाजला.

“बाबा, गाढे अभ्यासक?”

“छे गं. मला अजून कितीतरी...” पुढे खोटं येईना. जिभेला सवयच नव्हती.

“एकही शंका नाही?”

“नाही,” शास्त्रीबुवा म्हणाले. नापास झाल्याचं घरी सांगावं तसे.

पलीकडून सई म्हणाली, “बरं, मला एक आहे. उत्कंठा म्हणजे काय हो?”

शास्त्रीबुवांनी चष्मा काढला. सात वर्षांच्या सईला हा शब्द त्यांनीच शिकवला होता, घाटावर, रामनगरहून आईला घेऊन येणाऱ्या नावेकडे बोट दाखवून. टाचा उंचावून उभी होती ती. उत् म्हणजे वर, कंठ म्हणजे गळा. वाट बघणाऱ्याची मान अशी वर होते, बघ. पुढे कित्येक वर्षं ती हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटायची.

माहीत असलेलं विचारत होती. वर्गाबाहेर उभं करायला हवं होतं.

“जरा विस्तृत आहे,” ते म्हणाले. “आज एका दिवसात व्हायचं नाही.”

“मग उद्या करते.”

“परवाही लागेल.”

साडेतीन मिनिटांच्या सवयीनं इंदूताईंनी फोनसाठी हात पुढे केला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. शास्त्रीबुवांनी पहिल्यांदाच तो हात हळूच बाजूला सारला, कोटाची वरची गुंडी सोडली आणि गळा मोकळा केला.