पोट फुगतंय का, बाई?

बोर्ली पंचतनच्या बाजारात मासळीचा भाव करताना मागून कुणी "पोट फुगतंय का, बाई?" असं विचारलं, तर दचकू नये. ते आमचे बाळारामकाका. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, माझे शेजारी. आळीतल्या समस्त बायकांच्या ओटीपोटावर देखरेख ठेवायला त्यांनी स्वतःच स्वतःची नेमणूक केली आहे.

बायको अंडाशयाच्या कर्करोगाने गेल्यापासून त्यांना दुसरा विषय नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ते दारातच गाठतात. "दोन घासांत पोट भरतं का? लघवीला सारखं जावं लागतं का?" अशा मंगल प्रसंगी असले प्रश्न सुचायला प्रतिभाच लागते. वर आशेचा किरण असतोच. "संशोधन चाललंय, बाई. कापाकापी न्हाय, काय न्हाय. रक्तात, लघवीत आधीच खुणा दिसतील." आमच्या नळाला अजून वेळेवर पाणी दिसत नाही, ते सोडा.

मध्यंतरी माझं पोट खरंच फुगायला लागलं. काकांचं तोंड बंद व्हावं, या शुद्ध वैद्यकीय कारणासाठी मी माणगावला जाऊन तपासून घेतलं. सोनोग्राफीत गाठ निघाली, रक्तातला, कर्करोगाची शंका आणणारा आकडाही वाढलेला. त्यानंतर मी शाळेत एकच धडा दोनदा शिकवला आणि मुलांनीही शहाणपणाने तो दोनदा ऐकला. शेवटी सगळ्या तपासण्या करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कर्करोग नाही. एंडोमेट्रिओसिसची गाठ आहे, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्याची. त्यानेही हा आकडा वाढतो. नुसत्या त्याच्यावर विसंबता येत नाही."

मी तडक काकांच्या ओटीवर गेले. "काका, तुमच्या त्या खुणांनी माझा जीव घेतला असता. कर्करोग नाही निघाला."

काका पायरीवर बसले. "न्हाय ना? बरं झालं." मग खाली बघतच म्हणाले, "हिला गॅस झालाय म्हणून आम्ही ओवा देत राहिलो. आमच्या लेकीचं, सुमीचं तसं व्हायला नको. उरणला दिलीय तिला. दर फोनला मी पोटाचंच विचारायचो. आता माझा फोन उचलत न्हाय ती."

मी माझा मोबाइल काढला. "नंबर सांगा," मी म्हणाले आणि फोन लावला.

"हॅलो, कोण?" स्पीकरवर सुमीचा आवाज आला. मी फोन पुढे केला. काकांनी तो घेतला नाही. तुम्हीच बोला, अशी खूण केली आणि डोळे मिटून नुसते ऐकत राहिले.