सतरा नंबरचं बिरडं

वालांना मोड आले, त्याच दिवशी अप्पा टिपणिसांच्या लक्षात आलं की कॉम्प्युटरमधला डी ड्राइव्ह नाहीसा झाला आहे.

वाल पाव किलो होते, पोशीर गावच्या भाजीवाल्या आनंदीबाईकडून घेतलेले. अप्पांनी ते भिजवले, फडक्यात बांधले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फडकं सोडून पाहिलं तर प्रत्येक वालाला नखाएवढा मोड. इथपर्यंतचं त्यांना पाठ होतं. पुढचं सरोजिनीबाई सांगणार होत्या.

सरोजिनीबाई म्हणजे अप्पांच्या पत्नी. वैशाखात गेल्या. ऑपरेशनला जाण्याआधीच्या आठवड्यात त्यांनी मोबाइलवर बोलून चोवीस रेकॉर्डिंग करून ठेवली होती. एक नंबर कुकर, दोन नंबर वरण, नऊ नंबर वॉशिंग मशीन, सतरा नंबर वालाचं बिरडं. पस्तीस वर्षं कर्जतच्या शाळेत शिकवलेल्या बाई, त्यामुळे बोलणं स्वच्छ आणि मध्येमध्ये प्रश्न. "गॅस बारीक केलात का? नाही ना? करा." अप्पा एकटेच स्वयंपाकघरातून ओरडायचे, "केला, केला!" आणि मग जाऊन खरंच बारीक करायचे.

चोवीस नंबरचं नाव होतं 'सगळ्यात शेवटी ऐका'. तेवढं अप्पांनी ऐकलं नव्हतं. ते ऐकलं की बाईंचं नवं बोलणं संपलं. म्हणून ते ठेवलं होतं.

कॉम्प्युटरची वाटणी बाईंनीच केली होती. सी अप्पांचा, डी बाईंचा. मोबाइलवरची रेकॉर्डिंगही त्यांनी या डीमध्येच हलवून ठेवली होती. कपाटाचीही अशीच केली होती, आणि वर्षभरात अप्पांचे शर्ट बाईंच्या कप्प्यात जाऊन बसले होते.

अप्पांनी पुण्याला अंतराला, म्हणजे मुलीला, फोन लावला.

"तुझ्या आईचा डी गेला."

"गेला म्हणजे? अप्पा, तुम्ही काय केलंत ते आधी सांगा."

"मी काहीएक केलेलं नाही. माझा सी भरला होता. लाल पट्टी दाखवत होता. डी अर्धा रिकामा पडलेला. मी फक्त त्यातली जागा घेतली."

"सी भरला कशानं?"

"फोटोंनी."

अप्पा बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. तेव्हापासून तालुक्यात दिसेल त्या खड्ड्याचा ते फोटो काढत, आणि माप कळावं म्हणून शेजारी छत्री आडवी ठेवत. चार हजार सहाशे खड्डे झाले होते.

"आणि जागा घेतली कशी?"

"व्हिडिओ बघून. आधी डी लहान केला. पण मोकळी झालेली जागा निघाली डीच्या पलीकडे. सीला चिकटेना. मग तो व्हिडिओतला माणूस म्हणाला, डी डिलीट करा आणि सी वाढवा."

"आणि तुम्ही केलात?"

"मधली भिंत पाडली! चौतीस वर्षं बांधकामात काढली आहेत मी. दोन खोल्यांमधली भिंत पाडली म्हणून पलीकडचं कपाट नाहीसं झालेलं कधी पाहिलंयस?"

"अप्पा, तुम्ही भिंत नाही पाडलीत. खोली पाडलीत."

अप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यानं विचारलं असेल ना, नक्की पुसू का म्हणून?"

"विचारलं काहीतरी. मी हो म्हटलं."

"न वाचता?"

"एवढं लांबलचक लिहिलं होतं! आणि मला सांग, घर पाडायचं असेल तर आम्हाला नोटीस काढावी लागायची. मुदत द्यावी लागायची. पंचनामा व्हायचा. इथं एक बटण दाबलं की झालं? हा काय कारभार आहे?"

"आई तेच म्हणायची. न ऐकता हो म्हणतात." अंतरा म्हणाली. "आता मशीन बंद करा. काही म्हणजे काही करू नका. हर्षदकडे न्या."

हर्षद हा बाईंचाच विद्यार्थी. बाजारात त्याचं मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या पायरीवर आनंदीबाई भाजी घेऊन बसायची आणि समोर, रस्त्यापलीकडे, कमळ्याची चहाची टपरी होती. अप्पा कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन रिक्षातून उतरले.

"अप्पा, माल बहुतेक जागेवरच असेल," हर्षद म्हणाला. "फक्त कुठे काय आहे त्याची यादी गेलीय. पण त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं असेल, तर तेवढं गेलं. नंतर काही टाकलंत का मशीनमध्ये?"

"एकशेबारा फोटो."

"कसले?"

"खड्ड्यांचे."

हर्षदने कपाळाला हात लावला.

"हात काय लावतोस? जागा झाली म्हणून टाकले. रिकामी जागा दिसली की माणूस सामान ठेवणारच!"

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षदचा फोन आला. अप्पा पोहोचले तेव्हा पडद्यावर एकाखाली एक फायली होत्या. नावं गेलेली. नुसते आकडे.

"अप्पा, तुमचे खड्डे सगळे सुखरूप आहेत," हर्षद म्हणाला.

"खड्डे गेले खड्ड्यात. तिची रेकॉर्डिंग?"

"तेवीस मिळाली."

"चोवीस होती."

"एक गेलं. कुठलं ते ऐकल्यावर कळेल." त्याने माऊस उचलला.

"थांब!" अप्पांनी त्याचा हात धरला. "त्यातलं एक मला ऐकायचं नाहीये."

"कुठलं?"

"चोवीस नंबर."

"पण नंबर गेलेत, अप्पा. ऐकल्याशिवाय कळणार कसं, कुठलं ऐकायचं नाही ते?"

अप्पांनी यावर बराच विचार केला. तोड निघाली ती अशी, की अप्पांनी रस्ता ओलांडून कमळ्याच्या बाकावर दुकानाकडे पाठ करून बसायचं, हर्षदने कानाला हेडफोन लावून एकट्याने सगळं ऐकायचं आणि प्रत्येकाला नाव द्यायचं. चोवीस नंबरात काय आहे ते अप्पांना कोणीही सांगायचं नाही. एक शब्द नाही.

अप्पा जाऊन बसले. दहाच मिनिटांत पायरीवरून आनंदीबाईचा आवाज आला.

"हर्षद, मगाधरनं एकटाच हसतोस. बाई हायेत ना रं त्यात? काढ ते कानातलं. आमाला पन ऐकू दे."

कमळ्या दुकानात चहा द्यायला गेला तो उशिरा परतला.

"अप्पा, ओला टॉवेल गादीवर टाकता तुमी?"

"कोण म्हणतं?"

"बाई म्हनतात. नऊ नंबर."

"अरे, हेडफोन लावून ऐकायचं ठरलं होतं!"

"पंधरा मानसं हायेत तिथं. एवढे हेडफोन कुठनं आनायचे?"

अप्पांना उठता येईना, कारण उठून गेलं तर नेमकं नको ते कानावर पडेल. ते पाठ करून जागच्या जागी तापत राहिले. कमळ्या फेऱ्या मारत होता. अप्पा पालीला भितात हे त्याने आणलं. कोथिंबीर आणायला पाठवलं तर पुदिना आणतात हेही आणलं. शिंपी मशीन सोडून तिकडे गेला होता. केशकर्तनालयातून एक माणूस अर्धी दाढी घेऊन आला होता. माझ्या घरातलं बोलणं, अप्पा मनात म्हणत होते, आणि ऐकायला बाजार!

मग पलीकडे एकदम शांत झालं. कोणी हसेना, कोणी बोलेना. कमळ्याही तिकडेच राहिला. अप्पांनी ओळखलं. बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. शांतता पुष्कळ वेळ टिकली, आणि मग सगळे एकदम, खदखदून, हसले.

अप्पांनी वळून पाहिलं. पंधराच्या पंधरा माणसं त्यांच्याकडेच बघत होती. आनंदीबाई हसता हसता पदराने डोळे पुसत होती.

अप्पा तरातरा रस्ता ओलांडून आले. "आहे ना ते? चोवीस?"

"आहे. पूर्ण आहे," हर्षद म्हणाला.

अप्पा पायरीवर भाजीच्या टोपलीशेजारी बसले आणि म्हणाले, "मग गेलं कुठलं?"

"सतरा."

"बिरडं?" अप्पा उठून उभे राहिले. "घरी वालांना मोड आलेत! सगळं सोडून नेमकं बिरडं?"

"त्या जागेवर एक फोटो बसलाय." हर्षदने तो उघडून दाखवला. कुंभिवलीच्या फाट्यावरचा खड्डा, शेजारी छत्री.

"म्हणजे माझ्याच छत्रीनं? हे यंत्र आहे की काय? एवढी जागा रिकामी होती, तो फोटो दुसरीकडे ठेवता येत नव्हता?"

"अवो अप्पा, कशाला वरडताय?" आनंदीबाई म्हणाली. "बिरड्याचं बाईंनी चोवीस नंबरात परत सांगितलंय. म्हनल्या, यांनी पहिल्यांदा नुसतं हो हो केलं असनार—"

"गप्प! एक शब्द नाही!"

आनंदीबाईने तोंडावर हात ठेवला. अप्पा सगळ्यांकडे बघत उभे राहिले.

"एकेचाळीस वर्षं संसार मी केला," ते म्हणाले. "आणि ती शेवटी काय म्हणाली ते भाजीवालीला ठाऊक, शिंप्याला ठाऊक, त्या अर्ध्या दाढीवाल्याला ठाऊक. मला नाही. हा कुठला न्याय?"

"मग ऐका ना," कमळ्या म्हणाला.

"तू चहा बघ. उतू जातोय."

हर्षदने खाली बघत विचारलं, "अप्पा, डी परत करून देतो. पूर्वी होता तेवढाच करू?"

"मोठा कर."

"सी मग लगेच भरेल."

"भरू दे."

घरी येऊन अप्पांनी कॉम्प्युटर जोडला. हर्षदने एकेका फाइलीला नाव दिलं होतं. सर्वांत खाली 'सगळ्यात शेवटी ऐका'. अप्पांनी बाण त्याच्यावर नेला, बोट वर धरलं, आणि मग उठून वाल बघायला गेले. मोड दोन बोटं झाले होते. हे आता बिरड्याच्या कामाचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं, आणि मोजायची टेप लावून, नऊ नऊ इंचांवर, परसात ओळीने लावून टाकले.

रविवारी अंतराचा फोन आला. "बिरडं झालं?"

"नाही."

"चोवीस नंबर ऐकलंत? त्यात आहे म्हणे. मला हर्षदनं सांगितलं."

"तुलाही सांगितलं? वा! ऐकून काय करू? घरात वाल नाहीत."

"मग आणा की."

"लावलेत परसात."

"अप्पा! शेंगा वाळून वाल व्हायला फाल्गुन उजाडेल!"

"उजाडू दे."

फाल्गुन उजाडला. शेंगा वाळल्या. अप्पांनी त्या सोलल्या आणि काट्यावर टाकल्या, तर पाव किलोहून थोडे जास्तच वाल निघाले. ते डब्यात भरून ठेवले आहेत. भिजवायचे राहिले आहेत.