रखमाचे शंभरपैकी अठ्ठ्याण्णव

रुग्णवाहिकेवर बावीस वर्षं काढलेल्या आनंदा परबाला मोबाइलच्या अ‍ॅपवरून प्रथमोपचार शिकायची वेळ आली आणि गडी भलताच वैतागला. चाळीस व्हिडिओ बघायचे, दर दोन मिनिटांनी ‘मी पाहत आहे’ हे बटण दाबायचं आणि शेवटी परीक्षा. नापास झालं तर हातची गाडी सुटणार आणि स्ट्रेचरच्या गोदामात बदली होणार. त्याने सरळ मोबाइल बायकोच्या हातात दिला.

"रखमा, मिरच्या भाजताना मधे मधे ह्या दाबत जा गो. परीक्षेत कायपण दाब."

महिन्याने निकाल लागला. आनंदा परब, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, विभागात पहिला! त्याने चिंचपोकळीच्या अख्ख्या चाळीत पेढे वाटले. कायपण दाबून पहिला नंबर येतो म्हणजे आपलं नशीबच जबरदस्त, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. ह्या अ‍ॅपवरून माणूस खरंच शिकतो का, हे तपासायला मेघना साठे नावाच्या अधिकारी बाई पहिल्या आलेल्याच्या घरी येणार होत्या. येताना सरावाचा पुतळाही आणणार होत्या. आनंदाच्या तोंडचं पाणी पळालं.

चादरीत गुंडाळलेला पुतळा जिन्यात दिसताच शेजारचे रामजीनाना ओरडले, "अरे, पडलं कोण?" झालं! कुणी पाण्याचा तांब्या आणला, कुणी कांदा फोडून आणला. पुतळा आहे हे कळल्यावर तर कुणीच हलेना. दहा बाय बाराच्या खोलीत वीस माणसं जमली.

"परब, हा माणूस कोसळलाय. सुरू करा," मेघनाबाई म्हणाल्या.

आनंदाने जोरात छाती दाबायला सुरुवात केली. हात सराईत होता. चाळ टाळ्या पिटू लागली, तसा तो खुलला. मधेच थांबून त्याने रुमाल काढला, कपाळ पुसलं, मान पुसली, नानांकडे बघून हसला.

"अहो, थांबतास काय!" मोरीजवळून रखमा कडाडली. "धा सेकंदांच्या वर हात काढायचो नाय! माणूस जाईल ना!"

पदर खोचून ती पुढे झाली, नवऱ्याला बाजूला सारलं आणि दोन्ही कोपरं ताठ ठेवून मोजत दाबू लागली. दाब बरोबर पडला की लागणारा पुतळ्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लागला तो विझेचना.

मेघनाबाईंनी एकदा रखमाकडे बघितलं, एकदा आनंदाकडे. "परीक्षा कोणी दिली?"

"मी," रखमा पुटपुटली. "ह्यांनी कायपण दाब सांगलेलं. पण बाय, माणसाच्या जिवाचे प्रश्न, कायपण कसं दाबू?"

आनंदाला गोदाम दिसू लागलं. पण मेघनाबाईंनी खूश होऊन रखमाचे दोन्ही हात धरले. "अहो वहिनी, सहा महिने एकेका विभागात वणवण फिरतेय मी! सगळ्यांनी डुलक्या काढत नुसती बटणं दाबलीत. अ‍ॅपवरून खरंच शिकलेलं पहिलं माणूस आज भेटलं!"

अहवालात अ‍ॅप उत्तम ठरलं. परबांचे गुण रद्द झाले. महिनाभरात फेरपरीक्षा द्यायची, तोवर गाडी बंद.

तेव्हापासून परबांच्या खोलीत रोज संध्याकाळी आनंदा ठसकत मिरच्या भाजतो. मोबाइल रखमाच्या हातात असतो.

"बटण दाब ना गो, व्हिडिओ थांबलो," तो काकुळतीने म्हणतो.

"आधी आत्ता काय सांगलान ते बोला," रखमा म्हणते, "मग दाबतंय."