सात काळी पेनं आणि एक रबरबँड

मी गुप्तहेर आहे. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही, कारण गुप्तहेराने गुप्त राहायचं असतं. पण कुणी विचारतच नाही म्हटल्यावर सांगावं लागतं. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती त्या ह्या प्राण्याची... नाव अगदी ओठांवर आहे.

पोटापाण्यासाठी मी बस डेपोच्या 'हरवले-सापडले' खिडकीवर बसतो. एकवीस वर्षांत माझ्या खिडकीतून हजारो छत्र्या, अकरा कुबड्या आणि एक पितळी बाजा आपापल्या मालकांकडे परत गेलाय. वस्तू शोधून आणतात कंडक्टर, ओळखतात मालक, आणि सही घेतो मी. पण सही घेताना माझी नजर काय फिरते, ते बघायला हवं. बायकोचं म्हणणं, "फिरते खरी, पण थांबत कुठेच नाही."

प्रत्येक थोर गुप्तहेराला एखादं व्यसन असतं म्हणे. धुराने मला ठसका लागतो, म्हणून मी स्वस्तातली चिनी फाउंटन पेनं पाळली आहेत. दोन कप चहाच्या किमतीत एक येतं. डबीवरचं मला एक अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे सूचना न पाळल्याचं पापही लागत नाही. महागड्या पेनाला हात लावायचा म्हणजे धसका; ह्यांचं मात्र वाटेल ते करा. निब उपटा. निबखालचा काळा, खाचांचा तुकडा असतो, शाई उतरवणारा, त्याला आम्ही जाणकार फीड म्हणतो, तो बाहेर ओढा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून सगळं खळबळून काढा. निबेचं टोक बायकोच्या नखं घासायच्या पट्टीवर घासा, आणि नंतर पट्टी जागेवर ठेवायला विसरू नका. बिघडलं तर दोन कप चहा कमी. आणि सुधारलं, कोरड्या ठणठणीत पेनातून पहिली ओली रेघ सुटली, की मला इतका आनंद होतो की मी शेजाऱ्यांकडेसुद्धा बघून हसतो.

मागच्या वर्षी मी एकसारख्या सात काळ्या पेनांचा संच मागवला. सहा मी ठेवली आणि सातवं सासऱ्यांना दिलं.

आमच्याकडेच राहणारे सासरे चित्रकलेचे मास्तर होते. तीस वर्षं शाळेच्या प्रत्येक प्रमाणपत्रावरचं नाव त्यांच्या हातचं. निवृत्त झाल्यावरही बक्षीस समारंभ आला की शाळा त्यांच्याकडेच गठ्ठा पाठवायची. आठ महिन्यांपूर्वी त्यांना हलका झटका आला. पाय सुधारले, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं दाब द्यायला तयार होईनात. बॉलपेन कागदावर नुसतं फिरायचं. मग मी दिलेलं ते पेन त्यांनी धरलं आणि दाब न देता अक्षर उमटलं. त्याचं असं झालं होतं की ते माझ्या हातून फरशीवर पडलं होतं आणि वाकडी झालेली निब मी पट्टीवर कशीबशी घासली होती. ते इतकं सुरेख का चालतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. सासऱ्यांनी पकड यावी म्हणून त्यावर लाल रबरबँड गुंडाळला आणि रोज एक पान लिहायला घेतलं.

शाळेने या वर्षीही गठ्ठा पाठवला. अडतीस नावं, बेचाळीस प्रमाणपत्रं, चार जास्तीची. शनिवारी संध्याकाळी सहाला शिपाई न्यायला येणार होता. सासरे आठवडाभर त्या दिवसाची वाट बघत होते. शुक्रवारी रात्री त्यांनी दाढीसुद्धा केली.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी त्यांच्या खोलीत डोकावलो तर दोन प्रमाणपत्रं चुरगळून खाली पडली होती आणि सासरे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते.

"काय झालं, बाबा?"

"पेन उठत नाही कागदावर," ते भिंतीलाच म्हणाले. "पेन कसलं, हातच गेला माझा. शाळेला कळवा, म्हणावं कॉम्प्युटरवर छापून घ्या."

"अहो, परवापर्यंत तर..."

"परवापर्यंत होता. आता नाही. जावईबापू, दार ओढून घ्या."

या माणसाने आठ महिने रोज एक पान लिहून परत आणलेला हात एका सकाळीत टाकून दिला होता. मी टेबलावरचं पेन उचललं. लाल रबरबँड जागच्या जागी, म्हणजे पेन तेच. ओढून बघितलं, तर कागदावर सुकलेल्या झाडूसारखा खरखराट आणि अधूनमधून एक अक्षर गायब. कालपर्यंतचं शहाणं पेन एका रात्रीत बिघडतं, याचा अर्थ एकच. घातपात!

मी वही काढली, शर्टाच्या खिशातलं माझं पेन उघडलं आणि लिहिलं: 'संशयित'. काय सांगू, पेन लोण्यासारखं चाललं. डोकं तल्लख चालायला लागलं की शाईलाही वेग येतो.

पहिला संशयित वरच्या मजल्यावरचे डॉक्टर. निवृत्त आहेत, रोज सासऱ्यांशी बुद्धिबळ खेळतात आणि रोज हरतात. हेतू तयार. मी जिना चढून बेल वाजवली. दार उघडलं आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवली. डॉक्टरांचा खालचा ओठ गडद जांभळा होता!

"डॉक्टर," मी शांतपणे म्हणालो, "शाईची चव कशी असते?"

"काय?"

"काल खेळताना बाबा पाणी प्यायला उठले. तुम्ही पेन उचललंत, तोंडात धरलंत आणि आतली शाई ओढून घेतलीत. आज ते पेन कोरडं आहे."

"अहो, तोंड आलंय मला. औषध लावलंय, जांभळं असतं ते." त्यांनी ओठ ओढून आतला फोड मला दाखवला. मी बघितला. तपासात असं बघावं लागतं.

"आणि मास्तरांना काय झालंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "काल तर ठणठणीत होते हो. मला तेरा चालींत मात दिली. हाताचं असं एका रात्रीत काही होत नाही. मी येतो खाली."

"नको, पुरावे तुडवले जातील," मी म्हणालो. जिन्यात उभ्या उभ्या वहीत लिहिलं: 'डॉक्टर, तूर्त निर्दोष, फोड खरा.' अक्षर असं झरझर आलं की मी ते वाक्य उगाचच दोनदा लिहिलं.

दुसरा सिद्धान्त आंतरराष्ट्रीय होता. कारखानदाराने पेनात मुद्दाम अशी योजना केली असेल की ठरावीक पानं लिहून झाली की ते आपोआप बंद पडावं. असं असेल तर संचातली बाकीची सहाही बंद पडायला हवीत. पण माझ्या हातातलं तर घोड्यासारखं पळत होतं. सिद्धान्त बाद झाला. त्यावर मी वहीत दीड पान लिहिलं, कारण लिहायला फारच मजा येत होती.

तिसरा सिद्धान्त, फीडमध्ये कुणीतरी मेण भरलंय. मेण काढायला उकळतं पाणी लागतं. मी रबरबँडवाल्या पेनाचं फीड काढून उकळत्या पाण्यात बुडवलं. स्वस्त चिनी फीड कोमट पाण्याचं असतं, हे मी इतरांना नेहमी सांगतो. ते बाहेर आलं तेव्हा त्याची मान वाकडी झाली होती आणि मेणाचा पत्ता नव्हता.

दुपारी दोनला बायको कामावरून आली. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. शनिवारी तिला अर्धी सुट्टी असते. चपला काढता काढताच तिने विचारलं, "बाबांची नावं झाली का लिहून?"

मी तिला बसवलं, सगळं प्रकरण क्रमवार सांगितलं आणि डॉक्टरांच्या फोडाचं वर्णनही केलं. ती ऐकत होती, पण तिची नजर न्हाणीघराच्या खिडकीत वाळत घातलेल्या टॉवेलवर होती. टॉवेलावर निळे डाग होते.

"काल संध्याकाळी पेनं धुतलीत ना तुम्ही?"

"दर शुक्रवारी धुतो. बाबांचंसुद्धा धुतलं. म्हटलं, उद्या मोठं काम आहे, पेन कसं लख्ख हवं. मीच पुन्हा शाई भरून त्यांच्या टेबलावर ठेवलं."

"सातही एकदम?"

"एकाच वाडग्यात. पाणी वाचतं."

"सगळं सुटं करून? निबा, फीड, सगळं?"

"अगं, सुटं केल्याशिवाय धुऊन निघेल कसं?"

ती कपाळाला हात लावून बसली. "अहो, लॅबमध्ये मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. एका वेळी एकच कवळी पाण्यात. नाहीतर कुणाचे दात कुणाच्या तोंडात जातील!"

मी हसलो. मग हसता हसता थांबलो.

"बाहेरची नळी बाबांची आहे," ती म्हणाली, "रबरबँड आहे म्हणून. आतली निब कुणाची आहे?"

मी वहीत लिहिलं: 'नवा संशयित, वाडगा.'

तिने माझ्या टेबलावरची पाच पेनं उचलली आणि सासऱ्यांच्या खोलीत गेली. "बाबा, उठा. तुमचा हात गेलेला नाही. ह्यांनी निबांची अदलाबदल केलीये."

"माझी समजूत नको काढूस गं."

"समजूत नाही, पेन काढतेय. बसा."

ते बसले, पण तिच्यासाठी. पहिलं पेन धरलं, खरखर. दुसऱ्याने शाईच सोडली नाही. तिसऱ्याने टिपका टाकला. चौथं, पाचवं, तीच गत. सासऱ्यांनी पाचवं पेन हळूच खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तू प्रयत्न केलास."

मला ते बघवेना. मी कोपऱ्यात उभा राहून वहीत लिहायला लागलो: 'पाचही अयशस्वी. प्रकरण गूढ.' खोलीत शांतता होती आणि माझं पेन कागदावर जराही आवाज न करता सरसर चाललं होतं.

बायकोने मान वळवली. "तुम्ही कशाने लिहिताय?"

"माझ्या पेनाने. आज फार सुंदर..."

तिने ते माझ्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं आणि सासऱ्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी कागदावर टेकवलं. दाब दिला नाही, देता येतच नव्हता. एक ओली, निळीभोर रेघ सुटली आणि कागदाच्या टोकापर्यंत न थरथरता गेली. तिच्याखाली त्यांनी दुसरी ओढली. मग तिसरी.

"आहे," ते म्हणाले. "हात आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. काच मुळात स्वच्छ होती, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. ते मी वहीत लिहिलं नाही, कारण पेन त्यांच्याकडे होतं, आणि मलाही तेवढ्यात नाक पुसायचं होतं.

बायकोच्या देखरेखीखाली, एका वेळी एकच पेन हातात घेऊन, मी ती निब तिच्या स्वतःच्या फीडसकट रबरबँडवाल्या नळीत बसवली. सासरे तीन वाजता लिहायला बसले. डॉक्टर जांभळ्या ओठाने नावं वाचून दाखवत होते, बायको शाई वाळवत होती आणि मला खोलीबाहेर उभं राहायचा हुकूम होता. सहाला शिपाई आला तेव्हा अडतिसावं नाव वाळत होतं. गठ्ठा चाळून तो म्हणाला, "मास्तर, गेल्या वर्षीपेक्षा अक्षर बरंय!" सासरे नुसते "हं" म्हणाले, पण त्या संध्याकाळी ते डॉक्टरांशी दोन डाव जास्त खेळले आणि एक चक्क हरले.

रविवारी सकाळी चहाच्या कपाखाली मला एक प्रमाणपत्र सापडलं. जास्तीच्या चारांतली दोन चुरगळली होती, उरलेल्या दोनांतलं हे एक. छापील ओळींच्या मधल्या रिकाम्या जागांत, आठ महिन्यांत मी पाहिलेल्या सगळ्यांत ठाम अक्षरात लिहिलं होतं:

'जावईबापू यांस, पेन शोधणे या स्पर्धेत, उत्तेजनार्थ.'

प्रथम क्रमांकाचं प्रमाणपत्र फ्रिजवर लावलेलं आहे. ते बायकोला मिळालं. माझं मी डेपोत नेऊन खिडकीच्या काचेला आतून चिकटवलंय, म्हणजे सही करणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. अक्षर कुणाचं, असं लोक विचारतात. मी सांगतो, माझ्या सासऱ्यांचं, आणि त्यांना सही करायला बॉलपेन देतो.