अंदाज चुकला!

गोगटेबाई जेवायला आल्या की पहिल्या घासाआधी आमटीचं भविष्य जाहीर करतात. "अळणी असणार." मग चव घेतात. चुकल्याच तर "अंदाज चुकला!" असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायचं, हा त्यांचा नियम. आमच्याकडे ती वेळ अजून आलेली नाही.

बाई माझ्याच कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवतात. प्रयोगात काय निघेल, ते आधीच कागदावर लिहून विभागाच्या दारावर चिकटवतात. "आधी बोलून ठेवलं की नंतर शब्द फिरवता येत नाही, समजलं?" आणि कुणी "दोन वर्षांची मुलं असं करतात" म्हणालं की "कुणाची मुलं?" म्हणून अंगावर येतात.

गेल्या वर्षी मार्केट यार्डातल्या हमालांची मुलं आमच्या एसी प्रयोगशाळेत आली आणि मिठाची गुळणी धरून बसली. विभागप्रमुख म्हणाले, "भाषेत मागे आहेत. लिहून टाका."

"अहो, परक्या घरात तुमचा नातूसुद्धा आईमागे लपतो!" बाई भडकल्या. त्याच दिवशी दारावर कागद लागला: खेळ वस्तीत, आयांनी ठरवलेला, मुलं बोलतील.

"नाही बोलली, तर हे संशोधन बंद," प्रमुखांनी सुनावलं.

वस्तीत आयांनी वस्तू लपवून शोधायचा खेळ ठरवला. लपवायला बाईंनी प्लॅस्टिकचा जिराफ काढला, तर सुनीता नावाची एक आई हसायलाच लागली. "बाई, ह्ये जनावर कुणी बघितलंय? कांदा लपवा की!"

कांदा पोत्याखाली गेला, आणि काय सांगू! "थितं न्हाय! हितं हाय!" एकही मूल गप्प राहिलं नाही. एक चिमुरडी तर बाईंना धड लपवता येत नाही म्हणून रागावली.

दारावर "अंदाज बरोबर" लागलं, आणि शेजारी सगळी माहिती, कुणीही तपासावी म्हणून. प्रमुखांनी ती दोनदा वाचली आणि संशोधन चालू ठेवायच्या कागदावर सही केली. मी कॉलेजभर पेढे वाटले!

पण छापायला देण्याआधी निकाल आयांना सांगायचा, हा बाईंचा हट्ट. रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं. बाई आल्या त्या दोन कपांचा थर्मास घेऊन.

"दोनच?"

"कुणी येणार नाही. माझ्या घरी तरी तुझ्याशिवाय कोण येतं?" आमटीबद्दल बोलावं तशाच म्हणाल्या.

तेवढ्यात सुनीता आली. मागून आया, आज्या, कडेवरची पोरं, आणि इस्त्रीचे शर्ट घालून आलेले हमाल. सतरंज्या पुरेनात.

"बाई, तुमी का उभ्या? बसा की आमच्यात!" सुनीतानं त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

बाईंनी ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. मग मीच ओरडले, "अंदाज चुकला!"

कुणाला काही कळलं नाही, तरी टाळ्या कडाडल्या. बाई थर्मास पोटाशी धरून रडत होत्या. मला म्हणाल्या, "चहा पुरायचा नाही गं."