वेळेवर धांदल नको

साळवे मास्तर जिवंत माणसांच्या मयताच्या चाली बांधून ठेवतात. परभणीत बिऱ्हाड टाकलं त्याच दिवशी हे मला कळलं. टेम्पोतून कपाट उतरत होतं आणि शेजारच्या दारात उभा असलेला एक काटकुळा म्हातारा डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता. "भाऊ, जरा काहीतरी बोला," तो म्हणाला. मी नाव, गाव, नोकरी सांगितली. "खर्जातले हायत तुमी. चांगलंय. तुमची बांधून ठेवतो. वेळेवर धांदल नको."

काय बांधणार, ते त्यांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, चहा आणून दिल्यावर सांगितलं. तो चहा तसाच गार झाला.

मास्तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. पायानं भाता मारायचा, जुना, कपाटाएवढा ऑर्गन. भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं की मास्तर रबराचं ठिगळ लावतात आणि उंदरांना शिव्या देतात, चर्चमध्ये शोभतील एवढ्याच. तरुणपणी ते एका खाँसाहेबांकडे गाणं शिकले आणि पाद्रीसाहेबांकडे ऑर्गन. त्यामुळे उजव्या हातात राग आणि डाव्या हातात चर्चचे सूर. हे दोन्ही जुळतं कुठं, असं मी एकदा विचारलं. "मयतात," मास्तर म्हणाले. "तिथं सगळंच जुळतं."

ओळखीच्या प्रत्येकाची चाल वेगळी. कोपऱ्यावरच्या रहीमभाई रिक्षावाल्याचीसुद्धा. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मास्तर, हमारे में मयत में बाजा नै बजाते." मास्तर म्हणाले, "नका वाजवू. बांधून तर ठेवतो."

त्यांचे झरी गावचे एक स्नेही छातीत कळ येऊन दवाखान्यात पडले, तेव्हा मास्तर लगबगीनं भेटायला गेले. त्यांना दारात बघताच पेशंट ओरडला, "सिस्टर, ह्याला आधी बाहेर काढा! मी बरा व्हायलोय!" आणि खरंच बरा झाला. मास्तरांनी गल्लीभर पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवताना मात्र हळूच म्हणाले, "चाल लय सुरेख झाली होती, भाऊ. आता किती वर्षं पडून राहते कुणास ठाऊक."

साऱ्यांच्या चाली तयार होत्या, एकट्या मार्थाबाईंची नव्हती. त्यांना जुना दमा. पावसाळी हवा आली की बाई उशीला टेकून बसलेल्या, आणि श्वास सापडला की पहिला प्रश्न तोच. "साऱ्या दुनियेचं बांधलं. माझंच कसं बसंना ह्यांना? मेल्यावर काय ऐकू येणार हाय मला? एकदा कानानं ऐकून तर जाऊ द्या."

मास्तर जमिनीकडे बघत म्हणायचे, "बसंना, मार्था. तू लय अवघड हायेस."

मला या गोष्टीचा मनापासून राग यायचा. बाईची सगळ्या जन्मातली एवढी एक हौस, आणि हा कलावंत तिच्यासाठीच अडून बसलेला. एकदा मी तोंडावर म्हणालो, "मास्तर, खोटीच काहीतरी वाजवून दाखवा की." ते उठून गेले.

आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत. सकाळी पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येई आणि त्याबरोबर मार्थाबाईंचं गुणगुणणं. रोज तीच ओळ. मध्येच दम लागून तुटायची, मग तुटली तिथून पुढे सुरू व्हायची. चर्चमधलं एखादं गीत असेल, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या पावसाळ्यात त्या दम्यातच गेल्या. चर्चमध्ये शवपेटी समोर ठेवलेली, मी मागच्या बाकावर. आता हा माणूस काय वाजवणार, म्हणून मी मान उंचावून बघत होतो. मास्तर ऑर्गनवर बसले, भात्यावर पाय ठेवले आणि सुरू केलं.

ती भिंतीपलीकडची, भाकरीच्या वेळची चाल होती.

शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून कुजबुजली, "अवो, ही तर मास्तर दर रविवारी वाजवतेत. उपासना सरल्यावर. आमी चपला हुडकत असतो तवा."

कबरस्तानातून परतताना मला राहवलं नाही. "तयार होती तर सांगितलं का नाही? बिचारी विचारत विचारत गेली."

"सांगितलं असतं तर गुणगुणायची थांबली असती, भाऊ." मास्तर चालायचे थांबले. "दर रविवारी ऐकायची अन् हप्ताभर घरात म्हणायची. आपल्याच मयताची हाय म्हणल्यावर भाकरी थापताना कोण म्हणंल? मग मला घरात काय ऐकू आलं असतं?" थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "तिला सांगायचं राहिलं, ते राहिलंच."

मला त्या माणसाची कीव आली आणि रागही गेला नाही.

आता पलीकडे भाकरी होत नाही, मास्तरांना डबा येतो. रविवारी ते दुसरंच काहीतरी वाजवतात म्हणे. नवीन माणूस राहायला आला तरी त्याला बोलायला लावत नाहीत.

परवा सकाळी दाढी करताना माझ्या तोंडून ती ओळ कधी सुरू झाली, मलाच कळलं नाही. कळलं तेव्हा गालावर साबण तसाच ठेवून मी गप्प झालो. म्हाताऱ्यानं ऐकलं असेल, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "थांबलात का, भाऊ? म्हणा की. अजून पुढं हाय."