पांढऱ्या ग्रहावरचा न्यायाधीश

लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या माणसाने दाढी करताना कुठल्याही प्रश्नाला "हो" म्हणू नये. तोंडाला फेस असतो, हातात वस्तरा असतो आणि "कशाला?" एवढं विचारायलाही ओठ हलवायची सोय नसते. आमची रजनी नेमकी हीच वेळ साधते. त्या रविवारी तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, दुपारी येता ना?" मी "हुं" म्हटलं. मला वाटलं, भाजीबाजारात जायचं असेल.

जायचं होतं मागच्या जन्मात.

मारेगावातल्या एका मंगल कार्यालयात पियूषजी नावाचे कोणी गृहस्थ संमोहनाचं शिबिर घेत होते. ते माणसाला झोपवायचे आणि त्याच्या पूर्वजन्मात पाठवायचे. शिवाय त्यांचं म्हणणं असं, की आपल्यातले कित्येक आत्मे मुळात पृथ्वीचे नाहीतच. ते दुसऱ्या ग्रहांवरून आलेत आणि तिकडची मंडळी अजून त्यांच्या संपर्कात आहेत. (माझा सख्खा भाऊ अमरावतीला असून माझ्या संपर्कात नाही. पण ते असो.) कापसाची ती वर्षंच अशी होती, की या जन्मात कोणाचं काही धड चाललं नव्हतं. साहजिकच मागच्या जन्माला तोबा गर्दी होती.

"मी नाही येणार," तोंड धुतल्यावर मी ठणकावून सांगितलं.

"विठ्ठलराव येऊन राहिलेत. धुरपताबाईंना घेऊन," रजनी म्हणाली.

मी मुकाट्याने इस्त्रीचा शर्ट काढला.

विठ्ठलराव म्हणजे आमचे होऊ घातलेले व्याही. झरी जामणीच्या वाटेवर त्यांचं गाव, घरची चांगली शेती, मुलगा गुरांचा डॉक्टर. दहा दिवसांपूर्वी ते आमच्या स्पृहाला बघून गेले, पोहे खाल्ले, "कळवतो" म्हणाले आणि गप्प बसले. आमची स्पृहा म्हणजे जिला आजवर आपल्या बापाची एकही गोष्ट पसंत पडलेली नाही अशी मुलगी. तिने मात्र त्या दिवशी पोह्यांच्या ताटल्या उचलता उचलता हळूच म्हटलं होतं, "बाबा, हा चालेल." तेव्हापासून घरात टेलिफोन वाजला की तिघंही धावायचो. धुरपताबाईंचे गुडघे धरलेले, आणि ते दुखणं गेल्या जन्मातलं असणार असं रजनीनेच त्यांच्या डोक्यात भरवलेलं. एकत्र बसणं होईल, ओळख वाढेल, हा तिचा डाव.

"आणि तुम्ही बोलू नका फार," तिने रिक्षात बजावलं. "जागेपणी तुम्ही काही बोललात की बिघडतं."

कार्यालयात दुसऱ्या रांगेत विठ्ठलराव ताठ बसले होते. डोक्याला हिरवा दुपट्टा, चेहरा परीक्षेच्या पर्यवेक्षकाचा. धुरपताबाईंचा नंबर आधी लागला. त्या मागच्या जन्मी एका राजवाड्यात तीनशे पायऱ्या रोज चढायच्या म्हणे. त्या परत आल्या तेव्हा गुडघे होते तसेच होते, पण बाई खूश होत्या.

मग रजनीने मला पुढे ढकललं. "यांना पाहा ना जी. हे दुपारी झोपेत बडबडतात आणि उशीतला कापूस काढून काढून पाहतात."

ते खरं आहे. मी एका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे. गाड्या रांगेत येतात, मी गाडीत हात घालून मूठभर कापूस काढतो, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढतो, रंग बघतो, ओल बघतो आणि "सुपर" किंवा "फेअर" असा शेरा मारतो. सुपर म्हणजे वरची प्रत, पहिल्या वेचणीचा कापूस बहुधा हाच; फेअर म्हणजे खालची, कमी भावाची. कापसाचं तूस उडतं म्हणून नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो. हंगामात हेच दिवसभर करायचं आणि सुटीच्या दुपारी झोपेतही तेच. उशीचं वाटोळं होतं, हे कबूल.

पियूषजींनी मला आरामखुर्चीत बसवलं. पोटात वरणभात होता, वर पंखा होता आणि एक माणूस गोड आवाजात "पापण्या जड होताहेत" म्हणत होता. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला यापेक्षा जास्त संमोहन लागत नाही. पुढचं मला काही आठवत नाही. जे सांगतो ते पियूषजींनी केलेल्या कॅसेटवरचं आहे. ती कॅसेट रजनीने मला इतक्यांदा ऐकवली आहे, की माझे संवाद मला पाठ झालेत.

"काय दिसतंय?" पियूषजींनी विचारलं.

"पांढरं."

"जमीन कशी आहे?"

"जमीन दिसत नाही. पांढरे डोंगर आहेत."

"कोणी प्राणी?"

"आहेत. त्यांना तोंड नाही. नुसते डोळे. भुवया पांढऱ्या."

इथे कॅसेटवर शे-दीडशे माणसांनी एकदम श्वास घेतल्याचं ऐकू येतं. पियूषजींचा आवाज थरथरायला लागतो. "हा पूर्वजन्म पृथ्वीवरचा नाही! मंडळी, शांत राहा. कमलाकरराव, अंतराळयानं दिसताहेत?"

"रांग आहे. पार दिसेनाशी होईपर्यंत. हलत नाही."

"आणि आवाज?"

"घर्रर्र. मोठं यंत्र आहे. ते बी वेगळं काढतं."

"बीज वेगळं काढतात! ते प्रयोग करताहेत! तुमचं तिथलं काम काय?"

"मी पोटात हात घालतो. आतलं बाहेर ओढतो. मग निवाडा देतो."

"न्यायाधीश!" पियूषजी ओरडले. कॅसेटवर माझ्या बायकोचा आवाज स्पष्ट आहे: "मला वाटलंच होतं!" (चोवीस वर्षांत तिला माझ्याबद्दल पहिल्यांदाच काही चांगलं वाटलं, तेव्हा मी झोपलेलो होतो.)

इथे थांबले असते तर मी आज मारेगावात सन्मानाने फिरलो असतो. पण पियूषजींना चेव चढला होता.

"तुमच्या निवाड्याला कोणी विरोध करतं?"

"एक आहे. डोक्यावर हिरवं. तीन दिवस उभा आहे."

"काय म्हणतो तो?"

आणि मी म्हणे हुबेहूब त्याच्या आवाजात बोललो, "साहेब, पह्यली वेचनी हाये. हात तं लावून पाहा!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"हात लावला नाही. फेअर लिहिलं."

"का?"

"डबा थंड होत होता. वांग्याची भाजी होती."

यानंतर खुर्ची पडल्याचा आवाज आणि विठ्ठलराव.

"बंद करा थे मशीन! हा कोनता ग्रह नाही जी, हे आपलं कापसाचं सेंटर हाये! थे यंत्र म्हंजे जिनिंग, अन् थो हिरवा दुपट्टेवाला म्हंजे मी! तीन दिवस बैलं उपाशी ठेवून उभा होतो मी! अन् यायनं वांग्यापायी माया कापूस फेअर केला!"

मी याच क्षणाला जागा झालो. समोर लालबुंद विठ्ठलराव. पोहे खाताना आम्ही एकमेकांना ओळखलं नव्हतं. माझं तोंड केंद्रावर झाकलेलं असतं आणि मी कापसाकडे बघतो, माणसाकडे नाही. कधी कधी कापसाकडेही नाही, हे आता सगळ्या तालुक्याला कळलं होतं. मी काही समजायच्या आत ते धुरपताबाईंचा हात धरून बाहेर पडले, आणि धुरपताबाई गुडघे विसरून चालत होत्या.

घरी आल्यावर स्पृहाने विचारलं नाही की काय झालं. शेजारच्यांनी आधीच सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, एकदा हात लावून पाहायला काय झालं होतं?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला खरंच लाज वाटली. मी त्या वर्षी किती गाड्यांना हात लावला नसेल, ते आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांच्या गावी गेलो. विठ्ठलरावांनी मला अंगणात बाजेवर बसवलं आणि स्वतः वावरात निघून गेले. दोन तास झाले, तीन झाले. पाण्याचा गडवा तेवढा समोर होता. दुपारी चारला ते आले.

"बसले आहात काय अजून?"

"बसलोय. विठ्ठलराव, चुकलं माझं. कापूस सुपर होता की नव्हता, मला माहीत नाही, कारण मी पाहिलाच नाही. त्याची शिक्षा पोरीला देऊ नका."

त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा सोडून झटकला आणि परत बांधायला घेतला. आतून धुरपताबाई म्हणाल्या, "आता कायले तानून राह्यले? पोरगी चांगली हाये. बाप का आपल्याले घरात ठेवाचा हाये?"

"सोयरीक पक्की," विठ्ठलराव म्हणाले. "पन एक अट हाये. बैठकीत याद्या होतीन, देनंघेनं, मानपान, सारं ठरंल. थे मी तुमच्यासोबत जागेपनी बोलनार नाही. जागेपनी तुमी तोंड झाकून राह्यता. त्या झोपवनाऱ्याले बोलवा. तुमाले झोपवा. मंग जे बोलसान थे मले मंजूर."

मी हसलो. मला वाटलं, थट्टा आहे. घरी येऊन रजनीला सांगितलं तर ती म्हणाली, "किती समजदार माणूस आहे!" आणि पियूषजींना फोन लावायला उठली.

बैठकीच्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत दोन्हीकडची वीस माणसं सतरंजीवर, आणि मधोमध आरामखुर्चीत मी. मी रात्रभर निश्चय केला होता की झोपायचं नाही, डोळे मिटून सावध राहायचं, मानपानाचं जरा आटोक्यात ठेवायचं. पियूषजी म्हणाले, "पापण्या जड..."

जाग आली तेव्हा कपाळाला कुंकू होतं आणि तोंडात अर्धा पेढा. विठ्ठलरावांनी मला कडकडून मिठी मारली. रजनीचे डोळे भरून आले होते. सगळे माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघत होते की मला घाम फुटला. मी स्पृहाला कोपऱ्यात घेतलं.

"खरं सांग. काय काय कबूल केलं मी?"

"काहीच नाही, बाबा."

"काहीच नाही? मग पियूषजींनी विचारलं काय?"

"दोनदा विचारलं. तुम्ही नुसते घोरत होता. मग आई आणि धुरपताकाकू बोलायला बसल्या आणि दहा मिनिटांत सगळं आटपलं. मामंजी म्हणाले, इतकी शांत बैठक त्यांनी आयुष्यात पाहिली नाही."

मी पेढा गिळला. "चला, म्हणजे पियूषजींचं काम संपलं."

"नाही," स्पृहा म्हणाली. "आईने त्यांना लग्नाच्या दिवशीही बोलावलंय. सकाळपासून."